मोठ्या ठिपक्याचा फासा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आवाज बारीक करतात, उसासे टाकतात आणि शेवटी 'जाऊ द्या, झालं गेलं' म्हणून मोकळ्या होतात. मला ते जमणार नाही. माझ्यावर आळ आला. तो खोटा होता आणि खोटा आहे हे खोलीतल्या बहुतेकांना ठाऊक होतं, तरी एकानेही तोंड उघडलं नाही. माझ्याबरोबर एका मुलीलाही मान खाली घालावी लागली. ती हकिकत तुम्हाला सांगितल्याशिवाय माझा जीव शांत व्हायचा नाही.

माझा जन्म बटणं करणाऱ्या एका कारागिराच्या खोलीत झाला. शिंगाची बटणं हा त्याचा धंदा. शिंग बहुतेक पोकळ असतं, पण त्याचं टोक भरीव असतं. त्या भरीव टोकातून माझे तीन भाऊ आणि मी निघालो. काम सांगणारे होते एक शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांना खेळासाठी चार फासे हवे होते, आणि बाजारातले फासे त्यांना पसंत नव्हते. "हलके असतात, कोपरे गोल होतात आणि रंग उडतो," असं त्यांचं म्हणणं होतं. नाकावर चष्मा लावून ते बटणवाल्याच्या शेजारी उभे राहिले आणि माझ्या अंगावर ठिपके कोरले जाताना बघत राहिले.

ते ठिपके नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यावरूनच झाला. फाशाच्या सहा ठिपक्यांसमोर नेहमी एक ठिपका असतो. सहा ठिकाणी कोरलं की त्या बाजूचं शिंग जास्त जातं आणि ती बाजू हलकी होते. मग फासा खोटं बोलू लागतो. म्हणून बटणवाल्याने माझे सहा ठिपके बारीक आणि उथळ केले, आणि समोरचा एकटा ठिपका मोठा आणि खोल कोरला. दोन्हीकडून सारखंच शिंग गेलं. मास्तरांनी विचारलं, "अहो, हा एकच एवढा मोठा खड्डा कशाला?" बटणवाला हातातलं काम न थांबवता म्हणाला, "तुम्ही सदरा शिवताना एका बाजूला शिवणीला बोटभर कापडाची माया सोडता आणि दुसऱ्या बाजूला काहीच सोडत नाही, असं करता का?" मास्तर हसले. त्यांना ते पटलं आणि कळलंही. मास्तरांना कळलं होतं, हे विसरू नका.

मास्तरांचा खेळ मोठा गमतीचा होता. रविवारी दुपारी दुकान बंद असे. कापड बेतायच्या लांब टेबलावरून कात्र्या आणि टेप उचलले जात आणि सगळे त्याच्याभोवती बसत. मास्तर गोष्ट सांगत. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होत. कोणी पहारेकरी, कोणी वैद्य, कोणी भुरटा चोर. पण आपलं माणूस कसं आहे, हे ज्याने त्याने मनाने ठरवायचं नसे. ते आम्ही चौघे ठरवत होतो. बटणांच्या डब्याच्या पत्र्याच्या झाकणात आम्हाला एकदम टाकायचं, सगळ्यात लहान आकडा सोडायचा आणि उरलेल्या तिघांची बेरीज करायची. पहिली बेरीज त्या माणसाचं बळ, दुसरी चपळाई, मग दम, मग अक्कल, मग शहाणपण, आणि शेवटची छाप, म्हणजे चार लोकांत त्याचं किती चालतं ते. अठरा म्हणजे अचाट. तीन म्हणजे देवच तारो. क्रम बदलायचा नाही, पुन्हा टाकायचं नाही, आणि टाकायचं ते सगळ्यांसमोर. मास्तरांच्या घरात त्याला एकच वाक्य होतं: पडलं ते पडलं.

या वाक्याने काय काय घडलं म्हणून सांगू! मास्तरांची बहीण, तिला सगळे आत्या म्हणत, इस्पितळात परिचारिका होती. तिच्या पहारेकऱ्याच्या वाट्याला आम्ही बळ दिलं पाच. पहारेकरी, आणि बळ पाच! भाला उचलला की तोच भाल्यामागे ओढला जायचा. आत्या आधी कुरकुरली, मग हसली, आणि मग तिने त्या किडमिड्या माणसाला असं काही जगवलं की वर्षानुवर्षं तोच सगळ्यांचा लाडका होता. दरोडेखोर आले की तो ओरडून ओरडून अख्खं गाव उठवायचा, कारण दुसरं काही त्याला करताच येत नव्हतं. आयता पैलवान मिळाला असता, तर आत्याला हे सुचलं असतं का? मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटायचा. आजही वाटतो.

आता मामांकडे येऊ. मामा म्हणजे मास्तरांच्या बायकोचे थोरले भाऊ. वीज कार्यालयात ते मीटर तपासायचे. कुणी मीटरला हात लावला, कुठे वीज चोरली, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं असं ते सांगत, आणि चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगत. मामांचा योद्धा एकदा विहिरीत डोकावायला गेला आणि पडला. सगळ्यांनी 'डोकावू नका' म्हणून सांगितलं होतं, पण ऐकतील ते मामा कसले! मग त्यांना नवीन माणूस हवं झालं. निघायच्या गडबडीत त्यांनी आम्हा चौघांना खिशात टाकलं आणि म्हणाले, "घरी निवांत टाकतो आणि पुढच्या रविवारी आकडे घेऊनच येतो."

'सगळ्यांसमोर' हा नियम तिथेच मोडला. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं, पण बायकोचा भाऊ पडला ना!

मामांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही पडलो, आणि पडतच राहिलो. बारा आले, मामांना नको. नऊ आले, मामा म्हणाले, "हा सरावाचा डाव." चौदा आले, तर म्हणाले, "हात ओला होता." मोजायचं मी सोडून दिलं. माझ्या कडा दुखायला लागल्या. शेवटी जे जे चांगलं पडलं होतं ते ते वेचून त्यांनी कागदावर उतरवलं आणि समाधानाने ढेकर दिला. पुढच्या रविवारी तो कागद टेबलावर आला. सतरा, अठरा, सोळा, सोळा, पंधरा, सतरा. असा माणूस जन्माला यायला नशीब लागत नाही, निर्लज्जपणा लागतो.

आत्याने तो कागद वाचला, मास्तरांनी वाचला, मास्तरांच्या मुलानेही वाचला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आत्या म्हणाली, "चहा ठेवू का?" अळीमिळी गुपचिळी! मला त्याच दिवशी राग यायला हवा होता. पण मला वाटलं, घरातली माणसं आहेत, सांभाळून घेत असतील.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तरांच्या मुलाचं लग्न झालं. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. घरात नवी, बोलायला बेताची. पहिले काही रविवार ती नुसती बाजूला बसून गोष्ट ऐकायची, आणि ऐकताना तिच्या हातातला चहा गार व्हायचा. मग एक दिवस तिने हळूच विचारलं, "बाबा, मी पण येऊ का खेळायला?" मास्तरांनी झाकण तिच्यापुढे सरकवलं. तिला नावाडीण व्हायचं होतं. पुरात होडी घालणारी. नावही तिने आधीच ठरवून ठेवलं होतं.

तिने आम्हाला ओंजळीत घेतलं, जरा वेळ तसंच धरलं आणि सोडलं. अठरा. पुन्हा सोडलं. सोळा. मग अकरा, मग पंधरा, मग सतरा, मग चौदा. मित्रांनो, तुम्ही मला विचाराल की मी तिला मदत केली का. नाही! मला कुणालाच मदत करता येत नाही. त्यातच तर माझी सगळी किंमत आहे. त्या दुपारी तिचं नशीब तसं होतं, बस. ती इतकी हरखली की तिने शेजारी बसलेल्या नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

आणि मामा म्हणाले, "हे फासे भरलेले आहेत."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी प्रत्यक्ष ऐकल्या. मामांनी मला चिमटीत उचललं. "हा बघा. हा एवढा मोठा खड्डा! बाकीचे ठिपके बघा आणि हा बघा. इथून काहीतरी आत घातलंय. अहो, आयुष्य गेलं माझं मीटरमधल्या चोऱ्या पकडण्यात." मग त्यांनी पाण्याचा पेला मागवला, त्यात मूठभर मीठ ढवळलं आणि मला त्यात सोडलं. खोटा फासा मिठाच्या पाण्यात आपली एकच बाजू वर करून तरंगतो, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मी तरंगलोच नाही. सरळ तळाला गेलो. मी शिंग आहे, बाटलीचं बूच नाही! पण मामांनी टेबलावर थाप मारली. "बुडाला! म्हणजे जड. जड म्हणजे भरलेला. घरचेच फासे आणि घरचीच सून. चालू द्या तुमचं."

सून म्हणाली, "मामा, मी तर सगळ्यांसमोर टाकलं. तुम्ही पण बघत होता."

"तुला कोण काय म्हणतंय, बाळ? मी फाशांबद्दल बोलतोय," मामा म्हणाले. पण 'घरचीच सून' हे शब्द तर हवेत तसेच होते.

मी पेल्याच्या तळाशी पडल्या पडल्या मास्तरांची वाट बघत होतो. त्या मोठ्या ठिपक्याचं कारण त्या खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. 'मी समोर उभा राहून करून घेतलेत हे.' एवढंच! मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आतल्या दारात त्यांची बायको उभी होती. मास्तर म्हणाले, "वाद कशाला? आपण पद्धतच बदलू." आत्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मुलगा? तो चहाच्या कपात बघत होता. त्या कपात त्याला काय दिसत होतं कोण जाणे, पण शेजारी बायकोचे डोळे भरले होते ते त्याला दिसले नाहीत.

अशी ती पॉइंटांची पद्धत आली. सगळ्यांना सारखे पॉइंट. प्रत्येक गुणाचा भाव ठरलेला. हवं तर बळ विकत घ्या, हवी तर अक्कल घ्या, पिशवी रिकामी झाली की थांबा. आणि मामांचा तो घरून आणलेला महापुरुष? तो जुना म्हणून तसाच राहिला! सुनेच्या नावाडणीवर मात्र काट मारली गेली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हेच खरं. ते आठवलं की आजही माझे सगळे ठिपके तापतात.

आमची रवानगी बटणांच्या डब्यात झाली. माझ्या नशिबी तर त्याहून वाईट होतं. त्या लांब टेबलाच्या एका पायाखालची फरशी खचली होती आणि टेबल डुगडुगायचं. मुलाने एक दिवस डब्यात हात घातला, मला काढलं आणि त्या पायाखाली सारलं. बरोबर मापाचा निघालो मी. ज्या टेबलावर मी माणसं घडवली, तेच टेबल डोक्यावर घेऊन मी धुळीत, दोऱ्यांच्या तुकड्यांत पडलो, आणि वर चाललेला खेळ ऐकू लागलो.

राग असला तरी खोटं बोलणं माझ्या अंगात नाही. म्हणून सांगतो, पॉइंटांत तसं काही वाईट नव्हतं. आत्याला ते आवडलं. "दिवसभर इस्पितळात नशिबाचे खेळ बघते, इथे तरी मला मोजून मिळू दे," ती म्हणायची. तिचं म्हणणं मला मान्य आहे. एखाद्याला आपलं माणूस मनासारखं उभं करायचं असेल तर त्याने खुशाल पॉइंट घ्यावेत. पण इथे पॉइंट कशासाठी आले? एका माणसाला 'तुम्ही खोटं बोललात' हे सांगायची हिंमत कुणात नव्हती, म्हणून आले. वर तोंड करून त्याला न्याय म्हणत होते! सून पॉइंटांतही खेळली. बेताचं बळ, बेताची अक्कल, एक मुकाट पाणक्या. तो कधी कशात पुढे यायचा नाही. तिच्या वहाणा मला टेबलाखालून दिसायच्या. पूर्वी गोष्ट रंगात आली की तिचे पाय थिरकायचे. आता ते एकमेकांना चिकटून जागच्या जागी असत.

मग एका रविवारी मामांचा महापुरुष मेला. जळत्या पुलावरून 'मला काही होत नाही' म्हणत गेला आणि पुलासकट खाली आला. मामांनी पॉइंट मोजायला घेतले आणि त्यांचं तोंड कडू झालं. "बारा, तेरा, बारा. हे काय माणूस आहे? मी काय कारकून होऊन फिरू? मास्तर, तुमची ती जुनी पद्धत बरी होती. काढा ते फासे."

मग सुनेचा आवाज आला. "पण ते भरलेले आहेत ना, मामा?"

"अगं, तेव्हाचं तेव्हा. धरून काय बसायचं?"

"बरं," ती म्हणाली. "मग टाका. पण इथेच टाका. झाकणात."

तीन भाऊ डब्यातून निघाले. चौथा कुठेय, तर टेबलाखाली. सून खाली वाकली आणि नवऱ्याला म्हणाली, "टेबल उचल जरा." त्याने उचललं. तिने मला बाहेर काढलं आणि पदराने पुसलं. मुलाने टेबल सोडलं तसं ते कललं आणि मामांचा चहा त्यांच्या विजारीवर गेला. तेवढं एक सुख मला त्या दिवशी लगेच मिळालं.

मामांनी आम्हाला हातात खुळखुळवलं. खरं सांगतो, माझ्या मनात त्या वेळी एकच होतं: चारही ठिकाणी एक पडू दे आणि ह्याचं पार भजं होऊ दे. पण मी सांगितलं ना, मला तसं करता येत नाही. मामांनी टाकलं. अठरा. दुसऱ्यांदा सोळा. मग सतरा. पंधरा. सोळा. तेरा. सगळ्यांसमोर, पत्र्याच्या झाकणात, खणखणीत.

मामा उठून उभे राहिले. "बघा! याला म्हणतात हात!" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. कुणी टाळी दिली नाही. आत्या झाकणाकडे बघत होती, मुलगा मामांकडे. मामांचा चेहरा हळूहळू उतरला. "अहो, बघितलंत ना? समोर टाकलेत मी. तुम्ही सगळे बघत होता!"

"हो मामा," सून म्हणाली. "बघितलं आम्ही. त्या दिवशी तुम्हीही बघितलं होतं."

मामा खाली बसले. बोलणाऱ्या माणसाला बोलायला काही उरलं नाही की तो किती लहान दिसतो, ते मी झाकणात पडल्या पडल्या पाहिलं.

तेव्हा मास्तरांनी मला उचललं. अंगठ्याने तो मोठा ठिपका चाचपला. "हा खड्डा मी समोर उभं राहून करून घेतलाय," ते म्हणाले. "समोरच्या सहा ठिपक्यांना तोलायला. यात काही भरलेलं नाही. कधीच नव्हतं."

"आणि दादा," आत्या मास्तरांना म्हणाली, "घरून आलेले ते आकडेही आपण सगळ्यांनी वाचले होते." मामांनी मान वर केली नाही.

सुनेने मास्तरांकडे पाहिलं. आवाज चढवला नाही तिने. "बाबा, हे त्या दिवशी बोलायचं होतं."

मास्तरांचा अंगठा माझ्या ठिपक्यातच थांबला. मुलाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ती त्याला म्हणाली, "तूसुद्धा."

मामा पुटपुटले, "मग माझे हे आकडे... खोडू का?"

"कशाला?" सून म्हणाली. "तुम्ही समोर टाकलेत. पडलं ते पडलं."

मास्तरांनी तिला तिची नावाडीण परत देऊ केली. तिने मान हलवली. "ती नको. तिचं नाव घेतलं की मला मिठाचं पाणी आठवतं. मी नवीन टाकते." आणि तिने आम्हाला ओंजळीत घेतलं, तसंच, त्या पहिल्या दुपारसारखं. पहिली बेरीज आली सहा. बळ सहा! तिने क्षणभर झाकणात पाहिलं आणि फिस्सकन हसली. आत्यानेही हसून तिच्या पाठीत धपाटा घातला. मला टेबलाखालचं आता दिसत नव्हतं, पण तिचे पाय थिरकत असणार.

आता टेबलाच्या पायाखाली लाकडी रिळाचा तुकडा आहे आणि मी पुन्हा झाकणात असतो. आत्या पॉइंट घेते, सून फासे टाकते, मामा समोर टाकतात आणि टाकण्याआधी हात पुसतात. सगळं सुरळीत आहे म्हणाल तर आहे. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. मास्तर खरं बोलले, पण मामा आधीच गार पडल्यावर बोलले. तेवढं धाडस तर बटणातही असतं.

मित्रांनो, आमची निगा राखा, आम्हाला ओल्या हाताने धरू नका, पायाखाली सारू नका, हे मी सांगेनच. पण त्याआधी एक सांगतो. तुमच्या टेबलावर कधी कुणी खोटं बोललं, तर ते त्याला सांगा. तो मामा असो, मास्तर असो, घरात कितीही मोठा असो. तेवढी हिंमत नसेल तर निदान एक करा. त्याचं खापर नियमावर फोडू नका, फाशावर फोडू नका, आणि जी तुमच्यात सगळ्यात नवी आहे, सगळ्यात कमी बोलते, तिच्यावर तर मुळीच फोडू नका. मी मुका आहे, मला पेल्यात बुडवलं तरी मी काही म्हटलं नाही. पण ती बोलत होती, आणि तुम्ही सगळे ऐकत होता.